कातरवेळेचा काउबॉय: ‘निअर डार्क’ नावाचं प्रकरण

पडद्यावर सगळ्यात आधी येतो तो डास. हाताच्या कातडीवर बसतो, सोंड खुपसतो, निवांत पीत राहतो, आणि मग फटकन पंजा पडतो. हात केलेबचा. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखातल्या एका गुरांच्या डॉक्टरचा हा मुलगा. डोक्यावर काउबॉय हॅट, हाताशी पिकअप ट्रक, आणि रात्री गावात टवाळक्या करण्यापलीकडे उद्योग नाही. तिथे त्याला आइस्क्रीमचा कोन खात उभी असलेली मे दिसते. हा गडी तिच्याजवळ जातो आणि कोनाचा एक चावा मागतो. उजाडायच्या आत त्याला चावा मिळतो, पण मानेवर.

त्याआधी एक छोटं बोलणं होतं, ते लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. मे आकाशाकडे बघून म्हणते की, त्या ताऱ्यावरून आत्ता निघालेला उजेड पृथ्वीवर पोचायला अब्जावधी वर्षं लागतील, आणि तो पोचेल तेव्हा मी इथेच असेन. केलेबला वाटतं पोरगी काव्यात बोलतेय. ती शब्दशः खरं सांगत असते.

हा चित्रपट म्हणजे १९८७ चा ‘निअर डार्क’. दिग्दर्शन कॅथरिन बिगलोचं, लेखन तिचं आणि एरिक रेडचं मिळून. खर्च सुमारे ५० लाख डॉलर, अमेरिकेत गल्ला सुमारे ३४ लाख. म्हणजे हिशेबाच्या वहीत पडलेला. वेस्टर्नमध्ये, म्हणजे घोडे, बंदुका आणि ओसाड गावं असलेल्या काउबॉयपटात, भुताखेतांची भेसळ केलेले स्वस्तातले चित्रपट ढिगाने निघाले आहेत, आणि त्यातले बहुतेक का फसतात हे समजून घ्यायचं असेल तर न फसलेल्या या एकाला उघडून बघावं असं मला वाटतं. फसला तो धंद्यात. ती गोष्ट वेगळी, तिच्याकडे येऊच.

अडचण काय होती

बिगलोला आणि रेडला करायचा होता वेस्टर्न, साधा, शुद्ध वेस्टर्न. बिगलो तेव्हा पस्तिशीची. मुळातली चित्रकार, सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली, मग न्यू यॉर्कला व्हिटनी म्युझियमच्या अभ्यासक्रमाला, आणि त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात सिनेमा. नावावर पूर्ण लांबीचा एकच चित्रपट, ‘द लव्हलेस’, तोही माँटी माँटगोमेरीबरोबर मिळून केलेला. रेडची बाजू जरा बरी, त्याने लिहिलेला ‘द हिचर’ १९८६ मध्ये पडद्यावर आला होता. पण वेस्टर्न म्हटलं की पैसेवाले उठून जायचे.

त्याला कारण होतं. १९८० मध्ये मायकेल चिमिनोच्या ‘हेवन्स गेट’ या वेस्टर्नने ४ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास गिळले आणि तिकीटबारीवर ३५ लाखांच्या घरात परत दिले. युनायटेड आर्टिस्ट्स ही जुनी कंपनी त्या दणक्याने एमजीएमला विकली गेली. त्यानंतर घोडा आणि हॅट असलेली संहिता टेबलावर आली की समोरच्याला तो आकडा आठवायचा. १९८५ मध्ये ‘सिल्व्हराडो’ आणि ‘पेल रायडर’ आले खरे, पण दुसऱ्यात क्लिंट ईस्टवुड होता. ईस्टवुडला पैसे देणं आणि एक चित्रपट केलेल्या बाईला देणं यात फरक होता. (मजा म्हणजे ‘निअर डार्क’ची कमाई ‘हेवन्स गेट’च्या कमाईच्या अगदी शेजारी जाऊन बसते. तेवढेच पैसे मिळवायला एकाला दुसऱ्याच्या नऊपट खर्च आला, इतकंच.)

व्हॅम्पायर, म्हणजे माणसाचं रक्त पिणारं भूत, मात्र त्या काळात चालत होता. म्हणून दोघांनी वेस्टर्न लिहायला घेतला आणि वर पाटी लावली भयपटाची. दुकानाच्या दर्शनी भागात खपाचा माल आणि आपला माल मागच्या फळीवर, असा हा व्यवहार. सुरुवात तडजोडीची होती हे विसरून चालणार नाही, कारण या प्रकारच्या जवळजवळ सगळ्या चित्रपटांची सुरुवात अशीच आहे.

आधीच्यांनी काय केलं होतं

वेस्टर्नमध्ये व्हॅम्पायर आणणारी बिगलो पहिली नव्हे. १९५९ मध्ये युनिव्हर्सलने ‘कर्स ऑफ द अनडेड’ काढला. त्यात भाड्याने बंदूक चालवणारा ड्रेक रोबी हाच व्हॅम्पायर. कल्पना झकास आहे: ज्याला गोळी लागत नाही त्याच्यापुढे आधी पिस्तूल काढलं काय आणि नंतर काढलं काय. मग गावचा पाद्री गोळीवर क्रूस बसवून त्याला संपवतो. कृष्णधवल, साधा, आणि आजही बघवेल असा.

१९६६ चा ‘बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला’ मात्र बघायला धीर लागतो. विल्यम बोडीनने तो आठवड्याभरात उरकला. बोडीनला हॉलीवूडमध्ये ‘वन शॉट’ म्हणायचे, एकदा कॅमेरा फिरला की पुन्हा नाही. जॉन कॅराडाइन लाल टाय लावून डोळे वटारतो, दोरीवरची वटवाघळं फडफडतात, आणि शेवटी बिलीच्या गोळ्या वाया गेल्यावर तो रिकामं पिस्तूलच फेकून मारतो. तेवढ्याने ड्रॅक्युला आडवा! हसून पोट दुखतं, पण वाईटही वाटतं. ट्रान्सिल्व्हेनियाचा सगळा संसार, झगा, पिसाट नजर, वटवाघूळ, हे सगळं उचलून तसंच्या तसं धुळीच्या गावात आणून टाकलेलं. जसं नाटकाच्या दोन मंडळ्यांचं सामान एकाच रंगमंचावर उतरावं.

भेसळ फसते ती इथे. दोन्ही प्रकारांचं सामान ठेवायचं म्हटलं की दोन्हींचा खर्च येतो, आणि पैसे तर एकाचेही नसतात.

काय काय काढून टाकलं

‘निअर डार्क’मध्ये सुळे नाहीत. लसूण नाही, क्रूस नाही, वटवाघूळ नाही, शवपेटी नाही, किल्ला नाही, झगा नाही, उमराव नाही. ‘व्हॅम्पायर’ हा शब्द चौऱ्याण्णव मिनिटांत कोणाच्याही तोंडून निघत नाही. उरल्या तीन गोष्टी: रक्त लागतं, वय वाढत नाही, ऊन सोसत नाही.

ही यादी मी पहिल्यांदा केली तेव्हा लक्षात आलं की काढलेली प्रत्येक गोष्ट बनवायला पैसे लागले असते आणि उरलेल्या तिन्ही जवळपास फुकट आहेत. पैसे वाचवायला काढल्या की वेस्टर्नमध्ये बसत नाहीत म्हणून काढल्या, हा वाद घालण्यात अर्थ नाही. एकाच कात्रीने दोन्ही कामं झाली. किल्ल्याऐवजी आली चोरीची गाडी, मे ज्या टोळीबरोबर फिरते त्या टोळीची. तिच्या खिडक्यांना आतून चंदेरी फॉइल आणि चिकटपट्टी, फटीतून कवडसा येऊ नये म्हणून. दिवस काढायचा तो कोंबून, घामट, एकमेकांच्या अंगावर. रात्री बाहेर पडायचं, कोणाला तरी मारायचं, गाडी पेटवून द्यायची, दुसरी चोरायची.

आपल्याकडच्या भुतांचा आणि यांचा फरक इथे फार जाणवतो. मुंजा पिंपळावरचा, वेताळ वेशीजवळचा, आसरा पाण्याच्या. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला, त्याच्या हद्दीत गेलात तर तुमचं तुम्ही बघा. युरोपातल्या व्हॅम्पायरलाही वडिलोपार्जित वाडा असतो. वेस्टर्नच्या मुलखात गोऱ्या माणसाचं काहीच वडिलोपार्जित नाही. कालपरवा गाव वसलं, उद्या खाण आटली की ओस. तिथल्या भुताला घर कुठून असणार? ते चाकांवरच असणार. ही टोळी भटकी आहे हे कथेच्या सोयीसाठी ठरलेलं वाटत नाही, जागेतून उगवलेलं वाटतं.

आणि टोळी म्हणजे वेस्टर्नमधली अस्सल लुटारूंची टोळी. म्होरक्या जेसी हूकर; केलेब त्याला वय विचारतो तेव्हा तो एवढंच सांगतो की मी यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलो होतो, आम्ही हरलो. म्हणजे हा १८६५ पासून, ते युद्ध संपलं तेव्हापासून, फिरतोय. एका वाक्यात सव्वाशे वर्षं, पूर्वकथेचं एकही दृश्य न दाखवता आणि एकही जुना पोशाख न शिवता. हरलेल्या सैन्यातून परतलेला आणि बंदूक खाली न ठेवलेला माणूस हा वेस्टर्नमधला ठरलेला खलनायक. इथे तो फक्त मेला नाही. त्याची जोडीदारीण डायमंडबॅक. सेव्हरेन, ज्याला मारण्यात हौस आहे. आणि होमर, दहा-बारा वर्षांच्या पोराच्या शरीरात अडकलेला म्हातारा. चित्रपटातली सगळ्यात अंगावर येणारी व्यक्तिरेखा होमरची, कारण त्याला हवं असलेलं काहीच त्या अंगात त्याला मिळणार नाही आणि ते त्याला कळतं.

नटांची निवडही हिशेबी होती. जेसी झालेला लान्स हेन्रिकसन, सेव्हरेन झालेला बिल पॅक्स्टन आणि डायमंडबॅक झालेली जेनेट गोल्डस्टाइन हे तिघंही आदल्याच वर्षीच्या ‘एलियन्स’मध्ये एकत्र होते. नव्या नटांना एकमेकांत मुरायला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. हे तिघं मुरलेलेच आले. बिगलोने उपकाराची परतफेड म्हणा किंवा खोडी म्हणा, सुरुवातीच्या एका दृश्यात मागच्या थिएटरच्या पाटीवर ‘एलियन्स’ लिहिलेलं दिसतं. होमर झालेल्या जोशुआ जॉन मिलरची गंमत आणखी वेगळी. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या व्हॅम्पायरपटाचा, ‘द लॉस्ट बॉइज’चा नायक जेसन पॅट्रिक हा त्याचा सावत्र भाऊ, आणि दोघांचे वडील जेसन मिलर म्हणजे ‘द एक्झॉर्सिस्ट’मधले फादर कॅरस. भुतं उतरवणाऱ्याची दोन्ही पोरं एकाच वर्षी रक्ताला लागली.

ऊन

‘निअर डार्क’ला मराठीत नेमका शब्द आहे: कातरवेळ. दिवेलागणीची, धड ना दिवस धड ना रात्र अशी वेळ, जेव्हा घरातली मोठी माणसं पोरांना उंबऱ्यावर बसू देत नाहीत. छायालेखक ॲडम ग्रीनबर्गने (‘द टर्मिनेटर’ही त्याचाच) हा चित्रपट त्या वेळेच्या आगेमागेच राहून टिपला आहे. चित्रीकरण बरंचसं ॲरिझोनात, कूलिज गावाच्या आसपास. सपाट जमीन, नांगरलेली शेतं, रात्री एका लयीत मान हलवणारे तेलाचे पंप.

रात्रीचं चित्रीकरण स्वस्त असतं हा गैरसमज आहे. दिवसा सूर्य फुकट मिळतो, रात्री प्रत्येक कोपऱ्यात दिवा न्यावा लागतो. उघड्या माळावर तर बोलूच नका, भिंत नाही, छत नाही, दिवा टांगायचा कुठे? ग्रीनबर्ग सगळा माळ उजळायच्या भानगडीत पडत नाही. तो उजेड पाठीमागून टाकतो, थोडा धूर सोडतो, आणि माणसं काळ्या आकृत्या होऊन उभी राहतात. टेकाडाच्या कडेवर ओळीने उभी टोळी, मागे निळसर झळाळी: कुणाचाही चेहरा दिसत नाही आणि तरी कोण कोण आहे ते उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखू येतं. टँजरिन ड्रीम या बँडचं सिंथेसायझरवरचं संगीतही तसंच, माळावर वारा भणाणावा तसं खाली वाजत राहतं. वेस्टर्नला साजेसं ते अजिबात नाही, आणि मला तरी ते कधी खटकलं नाही.

आता खरा मुद्दा. वेस्टर्नचं सगळं नाट्य उन्हात घडतं. भर दुपार, ओसाड रस्ता, समोरासमोर दोन माणसं, सावल्या पायाशी गोळा झालेल्या. ऊन म्हणजे तिथे न्यायाची वेळ. व्हॅम्पायरच्या गोष्टीत ऊन म्हणजे मरण. बिगलो-रेडने हे दोन धागे एकमेकांना बांधून टाकले, आणि त्या गाठीवर सगळा चित्रपट लटकला आहे. चावल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी केलेब घराकडे नांगरलेल्या शेतातून धडपडत निघतो आणि त्याच्या अंगातून धूर यायला लागतो. दूर उभे बाप आणि धाकटी बहीण बघताहेत. शेतावर वाढलेल्या पोराला स्वतःच्या शेतात, सकाळच्या उन्हात चालता येत नाही. एवढ्यात गाडी येते, हात बाहेर येतात, त्याला आत ओढून घेतात.

बंगलीतली सकाळ

या चित्रपटातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य दारूच्या गुत्त्यातलं. टोळी आत शिरते आणि एकेकाला निवांत, थट्टा करत संपवते. वेट्रेसचं रक्त बियरच्या मगात भरलं जातं. सेव्हरेन बारच्या फळीवरून चालत जातो आणि बुटाच्या काट्याने, ज्याने घोड्याला टाच मारायची त्या काट्याने, बारवाल्याचा गळा चिरतो. वेस्टर्नमधला ‘अनोळखी माणूस सलूनमध्ये शिरतो’ हा प्रसंग इतका क्रूर आणि इतका विनोदी कुणी केला नसेल. पॅक्स्टन त्यात धमाल करतो. या प्रसंगावर बरंच लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही. फक्त एक नोंद: केलेबला शेवटच्या पोराला मारायला सांगतात आणि तो त्याला पळू देतो. त्या दयेतून पुढचं सगळं घडतं.

कारण पळालेलं पोरगं पोलिसांकडे जातं, आणि सकाळी पोलीस टोळी उतरलेल्या मोटेलच्या बंगलीला वेढा घालतात.

आत अंधार आहे. खिडक्यांवर घोंगड्या, पडदे, जे हाताला लागेल ते. बाहेर लखलखीत सकाळ. गोळीबार सुरू होतो. आता नेहमीच्या वेस्टर्नमध्ये गोळी कुठे लागली हे बघायचं असतं. इथे गोळी लागली तरी कुणाला काही होत नाही. पण गोळी भिंतीला भोक पाडते, आणि त्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते. सरळ, पांढरी, काठीसारखी. ती ज्याच्या अंगावर पडेल तो भाजतो, किंचाळतो, बाजूला उडी मारतो, आणि उडी मारतो तिथे दुसरी तिरीप. बघता बघता खोलीभर अशा काठ्या उभ्या-आडव्या रोवल्या जातात आणि माणसं त्यांच्यामधून कोळ्याच्या जाळ्यातल्या किड्यांसारखी वळवळतात. बाहेरच्या पोलिसांना याचा पत्ताच नाही. ते माणसांवर नेम धरताहेत. चुकलेला प्रत्येक नेम आत लागतोय.

हे करायला लागलं काय असेल, विचार करा. पातळ भिंत, भोकं, मागे जोरकस दिवा आणि तिरीप दिसावी म्हणून हवेत थोडी धूळ किंवा धूर. वाड्यात, सोसायटीत, पत्र्याच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाने दुपारी कौलाच्या फटीतून आलेला असा कवडसा आणि त्यात नाचणारे धुळीचे कण पाहिलेले असतात. त्या कवडशाची भीती वाटू शकते हे या दृश्याआधी मला माहीत नव्हतं. ५० लाखांच्या चित्रपटातलं हे सगळ्यात महाग दिसणारं दृश्य आहे, आणि त्यातलं अस्त्र आहे ऊन.

मग केलेब घोंगडी पांघरून उन्हात धावतो, जळत जळत व्हॅनपर्यंत पोचतो आणि ती भिंतीतून आत घालून सगळ्यांना सोडवतो. टोळीला तो तेव्हा पसंत पडतो. म्हणजे माणूस मारून जे जमलं नाही ते त्याने चटके सोसून मिळवलं.

याच धर्तीचं एक छोटं दृश्य पुढे आहे. केलेबचा बाप लॉय पोराला शोधत मोटेलवर पोचतो आणि जेसीवर गोळी झाडतो. जेसी जरा वाकतो, खोकतो, आणि गोळी तोंडातून तळहातावर काढून दाखवतो. बस्स. एक नट, एक गोळी, गालातली जागा. यापेक्षा कमी पैशात ‘हा माणूस मरत नाही’ हे सांगता येईल का, मला शंका आहे.

घोडा कधी येतो

वेस्टर्न म्हणवणाऱ्या या चित्रपटात घोडा जवळजवळ नाहीच. सुरुवातीला केलेब मे हिला आपला घोडा दाखवायला नेतो तर ते जनावर बिथरून पळतं. त्याला वास लागलेला असतो, केलेबला नाही. मग पाऊण चित्रपट गाड्या, ट्रक, व्हॅन.

शेवटाकडे टोळी केलेबच्या बहिणीला, साराला, पळवते आणि जाताना गाड्यांची टायर फाडून जाते. केलेबकडे उरतं काय? तबेल्यातला घोडा. आणि मग तो रात्री त्या छोट्या गावाच्या ओसाड मुख्य रस्त्यावर घोड्यावरून येतो, समोर सेव्हरेन. इतका वेळ दडवून ठेवलेला वेस्टर्न इथे फळीवरून खाली उतरतो, आणि त्यासाठी कथेने दिलेलं कारण फाटलेल्या टायरांचं आहे! घोडा शोभेला आणलेला नाही, दुसरं वाहनच उरलं नाही म्हणून आला. पुढे पुन्हा ट्रक, स्फोट वगैरे आहे, ते ठीकठाक. पण सूर्य उगवतो तेव्हा गाडीतल्या जेसी आणि डायमंडबॅकला, साराच्या मागे उन्हात धावणाऱ्या होमरला कुणी गोळी घालत नाही. सकाळ होते आणि ती त्यांना संपवते.

गल्ला

वितरण डी लॉरेंटिस एंटरटेनमेंट ग्रुपकडे होतं. दिनो डी लॉरेंटिसच्या या कंपनीने १९८६ मध्ये ‘ब्लू व्हेल्व्हेट’ आणि ‘मॅनहंटर’सारखे चित्रपट आणले होते, आणि ‘किंग काँग लिव्ह्ज’सारखे आपटलेलेही. ‘निअर डार्क’ २ ऑक्टोबर १९८७ ला लागला तेव्हा कंपनी गाळात चालली होती, पुढच्या वर्षी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. बुडत्या घरातून निघालेल्या वरातीला वाजंत्री कोण लावणार?

त्यात दोनच महिन्यांपूर्वी, ३१ जुलैला, वॉर्नर ब्रदर्सचा ‘द लॉस्ट बॉइज’ येऊन गेला होता. कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा, तरणीताठी पोरं, गाणी, विनोद. तीन कोटींहून जास्त कमाई. तरुण व्हॅम्पायरांच्या टोळीत अडकलेला मुलगा ही दोघांची गोष्ट वरवर सारखी. प्रेक्षकाची भूक एकदा भागल्यावर तेच ताट, तेही अळणी आणि अंधारात वाढलेलं, कोण घेणार?

तरी सगळा दोष वितरकावर ढकलणं मला पटत नाही. पाटी भयपटाची होती, आणि भयपटाला आलेल्या प्रेक्षकाला सुळे हवे होते. दर्शनी फळीवरचा माल बघून जो आत आला त्याला हवं ते तिथे नव्हतं. आणि ज्याला मागच्या फळीवरचं हवं होतं तो पाटी बघून आतच आला नाही. पैसे उभे करताना उपयोगी पडलेली युक्ती तिकिटं विकताना अंगाशी आली.

पुढे व्हिडिओ कॅसेटवर, मग २००२ च्या दोन डिस्कांच्या डीव्हीडीवर चित्रपटाने आपला प्रेक्षक शोधला. बिगलोला २०१० मध्ये दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली स्त्री. त्यानंतर जुने चित्रपट खोदणाऱ्यांची रीघ लागली. मधल्या काळात एक विनोद झाला तो असा. २००९ च्या ब्लू-रेचं वेष्टन तेव्हा गाजत असलेल्या शाळकरी व्हॅम्पायर-प्रेमकथेच्या वळणावर सजवलं गेलं, फिकट चेहऱ्याचं जोडपं वगैरे. म्हणजे बावीस वर्षांनीही दुकानदाराला तीच युक्ती सुचली.

ज्यांनी धडा घेतला त्यांनी वेगळा घेतला. २००८ चा ‘द बरोअर्स’ असो किंवा १८ लाख डॉलरमध्ये, २१ दिवसांत उरकलेला २०१५ चा ‘बोन टॉमाहॉक’, दोन्हींत आधी वेस्टर्न नीट उभा केलाय आणि भय बऱ्याच उशिरा, त्याच मातीतून वर काढलंय. ‘बोन टॉमाहॉक’मध्ये भूत नाही, माणसं खाणारी माणसं आहेत, पण रीत तीच. दोन मंडळ्यांचं सामान कोणी उतरवत नाही.

एक गोष्ट अजून खटकते

केलेब बरा होतो. कसा? बाप गुरांचा डॉक्टर, तो पोराला आपलं रक्त चढवतो, आणि सकाळी पोरगं ठणठणीत. शेवटी मे हिलाही तेच. असला शाप एका नळीने आणि बाटलीने उतरतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चिडलो होतो. एवढं सोपं होतं तर जेसीला सव्वाशे वर्षांत सुचलं नाही? आजही ही पटकथेतली गळकी जागाच वाटते.

पण वेस्टर्नच्या बाजूने बघितलं तर ती जागा थोडी बुजते. त्या मुलखाच्या गोष्टींत भटकी टोळी एका बाजूला आणि घर, गोठा, बाप, बहीण दुसऱ्या बाजूला, आणि मुलाने कुठे राहायचं हा झगडा. लॉयचं रक्त औषध म्हणून पटत नाही, नातं म्हणून पटतं. टोळी दुसऱ्याचं रक्त घेते, बाप स्वतःचं देतो. मेनेही केलेबला स्वतःच्या मनगटातून पाजलेलं असतं, तेलाच्या त्या मान हलवणाऱ्या पंपांशेजारी, रात्रीमागून रात्री. टोळीत देणारी ती एकटीच. म्हणून तिला गोठ्यात जागा मिळते.

मे हिला काय वाटतं हे मात्र तिला कोणी विचारलेलं नाही. ती शुद्धीवर येते तेव्हा तिच्या अंगावर सकाळ पडलेली असते. ती घाबरते, केलेब तिला जवळ घेतो, ऊनच तर आहे म्हणून समजावतो. चित्रपट तिथेच, त्या मिठीवर थांबतो. त्याला आनंदी शेवट म्हणतात. मी त्या चेहऱ्याकडे बघत राहतो. अब्जावधी वर्षांच्या वाटेवरचा उजेड पोचेल तेव्हा मी इथे असेन म्हणणारी मुलगी ती. आता तिच्या गालावर आहे तो उजेड सूर्यावरून निघून आठ मिनिटं झाली आहेत.